मचाणासाठी फुल बॉडी हार्नेस: घेण्याआधी

शिकार १९७२ च्या कायद्याने बंद. मचाण उरलं ते बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेपुरतं. पडायची भीती मात्र तीच. पुण्याच्या बोहरी आळीत ‘सेफ्टी बेल्ट’ मागू नका, ‘फुल बॉडी हार्नेस’ म्हणा: खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारे पट्टे. नुसता कमरपट्टा पडताना पोट आवळतो, माणूस उलटाही होतो.

आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का आणि पाठीवर डी-रिंग (दोरी अडकवायची कडी) असलेला हार्नेस या कामाला उत्तम. मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जावा, मूठ नको.

घोळ आहे हार्नेस झाडाला अडकवायच्या दोरीचा. नेहमीच्या १.८ मीटर शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाल्या (झटका शोषणाऱ्या) दोरीला खाली सहा मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. मचाण पंधरा फुटांवर असेल तर आधी जमीनच येते! म्हणून अ‍ॅब्सॉर्बरसकट आखूड दोरी घ्या; फांदीला नव्हे, जिवंत खोडाला, डोक्याच्या वर बांधा. बसल्यावर ढील जेमतेम.

शिडीवरून मचाणावर पाय टाकताना तोल हमखास जातो. तिथे दोन हुकांची दोरी हवी: एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

लोंबकळताना मांडीत रक्त अडतं. पाय टेकायला पट्ट्याचा फास खिशात असावा, तो बहुधा वेगळा घ्यावा लागतो. एकदा झटका बसलेला हार्नेस बाद, शिवण शाबूत दिसली तरी.