जिप्सी पुन्हा मूळ रूपात: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पंधरा महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर 2024 मध्ये गोव्यातल्याच बार्देश तालुक्यातल्या एका गृहस्थांकडून मी 2003 ची मारुती जिप्सी किंग घेतली. सॉफ्ट टॉप, 1.3 लिटरचे सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय इंजिन, 80 बीएचपी. आधीच्या मालकांनी हौसेने तिच्यावर बरेच काही चढवले होते. 31 इंची मड टायर, लांब शॅकल (पाट्यांच्या स्प्रिंगला चासीशी जोडणारे दुवे), पुढे जाड लोखंडी बंपर, वर दिव्यांची पट्टी आणि मडगार्ड कापून बाहेर काढलेला स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी). पहिले सात महिने मी गाडी तशीच चालवली. मे 2025 मध्ये जवळजवळ सगळे उतरवून ती मूळ रूपाजवळ आणली आणि पुढचा अख्खा पावसाळा, चवथ (गणेशचतुर्थी), सुपारीची पाडणी त्याच रूपात काढली. गाडी तीच, चालक तोच, वाटही तीच. जुनी फोर बाय फोर दारात उभी करून ‘बदलू की तशीच ठेवू’ या पेचात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

माझा वापर आधी सांगतो, कारण सगळा निर्णय त्यावरच ठरला. मी वाळपईला राहतो. आमचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, ठाणे गावाच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून तीन किलोमीटर आत आहे. वाटेत एक ओहोळ, मग चिऱ्याच्या दगडांची चढण, आणि जूनपासून तांबडा चिखल. महिन्यातून एकदोनदा चोर्ला घाटाने बेळगावला जाणे होते. गाडीत बहुतेक वेळा आई-बाबा असतात, परतताना मागे सुपारी, नारळ, केळीचे घड. मैदानात खड्डे खोदून त्यात गाडी उतरवणे हा माझा छंद नाही.

31 इंची टायर दिसायला फार देखणे होते आणि मला ते मनापासून आवडायचे, हे मान्य करतो. पण जिप्सीचा मूळ टायर 205/70 R15, म्हणजे व्यास साधारण 668 मिलिमीटर. 31 इंच म्हणजे 787. फरक जवळजवळ अठरा टक्क्यांचा. एवढा फरक पडला की गाडीचा प्रत्येक गिअर अठरा टक्क्यांनी उंच होतो, म्हणजे चाकांना ओढ कमी मिळते. या इंजिनाचा टॉर्क 103 न्यूटन मीटर आणि तोही 4500 आरपीएमला मिळतो, खाली जोर बेताचाच. चोर्ल्याच्या वळणांवर जिथे तिसरा गिअर चालायला हवा तिथे मला दुसरा घालावा लागे, आणि पाचवा गिअर मी सपाट रस्त्यावरही क्वचितच वापरला. लो रेंजचे गुणोत्तर 2.268 आहे. मोठ्या चाकांचा हिशेब धरला तर हातात 1.93 इतकेच उरते. म्हणजे जंगलात जावे म्हणून टायर लावले आणि जंगलात सगळ्यात जास्त लागणारा हळू, दमदार लो गिअरच पातळ झाला. डिफखाली (अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या भोपळ्याखाली) साठ मिलिमीटर उंची जास्त मिळाली, हे खरे. माझ्या वाटेवर ती कधी लागली नाही.

स्पीडोमीटरही चुकतो. काटा 50 दाखवतो तेव्हा गाडी 59 च्या वेगात असते. अॅव्हरेज काढतानाही हे ध्यानात घ्या, कारण किलोमीटर कमी मोजले जातात. मीटरवर मला लिटरला सात मिळत होते, दुरुस्त केल्यावर ते सव्वाआठच्या आसपास येते. आता मूळ मापाच्या टायरवर दहाच्या थोडे खाली-वर मिळते.

आता शॅकलबद्दल, कारण गैरसमज इथे सगळ्यात जास्त आहेत. शॅकल चार इंचांनी लांब केले की गाडी साधारण दोन इंच वर येते. पण वर येते ती बॉडी. अॅक्सल आणि डिफचा भोपळा जिथे होता तिथेच राहतो, कारण तो फक्त टायरच्या उंचीने वर जातो. दगडाला आधी डिफ लागतो, त्यामुळे लिफ्ट केल्याने दगडावरून गाडी सुटेल ही अपेक्षाच चुकीची. लिफ्टचा उपयोग मोठ्या टायरला जागा करून देणे आणि पुढचा-मागचा कोन वाढवणे एवढाच. बदल्यात पुढचा अॅक्सल किंचित फिरतो, कॅस्टर (चाक ज्यावर वळते त्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. स्टिअरिंगचा दांडाही तिरका होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक आदळले की गाडी स्वतःहून एका बाजूला ओढते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या या हलक्या गाडीत हे फार जाणवते. फेब्रुवारीत घाट उतरताना पन्नासच्या आतबाहेर पुढची चाके जोरात थरथरू लागली. बाजूला आई बसली होती. गाडी थांबवून पाच मिनिटे आम्ही दोघे काही न बोलता बसून राहिलो.

आणि बाबा. त्यांचे वय चौऱ्याहत्तर. कुळागर त्यांनी उभे केले आहे, आणि गाडी इतकी उंच झालेली की चढायला पाट ठेवावा लागायचा. मार्चमध्ये ते एकदा “तू जाऊन ये, मी घरीच बरा” म्हणाले. गाडी ज्यांच्यासाठी घेतली तेच येईनासे झाले, तेव्हा माझा निर्णय निम्मा तिथेच झाला.

उरलेला निम्मा डिचोलीच्या एका मेस्ताने (मेकॅनिकने) करून दिला. खनिजवाहू ट्रकांचे पाटे बांधून हात बसलेला हा माणूस. 2012 आणि मग 2018 मध्ये खाणी बंद पडल्यावर त्याने लहान गाड्यांकडे मोर्चा वळवला. मी त्याला चांगले पॅराबोलिक पाटे आणि नवे डँपर (शॉक अॅब्सॉर्बर) घालायला सांगायला गेलो होतो. तो गाडीखाली शिरला, पहारीने इकडून तिकडून दाबून पाहिले आणि म्हणाला, “पयलीं आसा तें समा कर, मागीर नवें घाल.” (आधी आहे ते नीट कर, मग नवे घाल.) मूळ पाट्यांतला एक आतून मोडलेला होता. बुश विरघळल्यासारखे झालेले. पुढचे चाक ज्यावर वळते त्या किंगपिनचे बेअरिंग सैल, त्यामुळेच चाकांची थरथर, आणि मोठ्या टायरच्या वजनाने ती आणखी वाढलेली. एका डँपरमध्ये तेलच नव्हते. मी सात महिने जिला जिप्सीची खोड समजत होतो, ती बावीस वर्षांची झीज होती.

माझ्या मते हा मुद्दा टायरपेक्षाही मोठा आहे. जुन्या गाडीत बसून ‘ही फार आदळते, हिला बदलायला हवे’ असे वाटते तेव्हा आपण कंपनीने बनवलेली गाडी चालवतच नसतो. मूळ गाडी कशी चालते हे मला मे महिन्यात पहिल्यांदा कळले. मूळ मापाचे नवे पाटे, सगळे बुश, मूळ शॅकल, चारही डँपर, किंगपिन बेअरिंग आणि मजुरी मिळून खर्च चाळीस हजारांच्या आत झाला. 205/70 चे टायर वेगळे. जिप्सी सैन्यानेही अनेक दशके वापरली, त्यामुळे कारखान्यातून ती येणे थांबून इतकी वर्षे झाली तरी सुटे भाग मिळतात. शोधावे लागतात, पण मिळतात.

पावसाळ्यात काय झाले, हाच खरा प्रश्न. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुळागराच्या वाटेवर पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. आमच्याकडचा चिखल वरून भयंकर दिसतो, पण बहुतेक ठिकाणी चार-सहा इंचांखाली जांभा लागतो. रुंद टायर त्या चिखलावर तरंगतात आणि घसरतात. अरुंद टायर चिखल कापून खालच्या कठीण जांभ्यापर्यंत पोचतो आणि तिथे पकड घेतो. टायरमधली हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवली, पुढच्या चाकांचे हब लॉक केले, लो टाकला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी आरामात चढली. एक हजार किलोच्या आसपास वजन, हीच जिप्सीची खरी ताकद. ते लोखंडी बंपर आणि बाकीचा संसार उतरवल्यावर ती ताकद परत आली. कुळे गावातून दूधसागर धबधब्याला पर्यटक नेणाऱ्या ज्या जीपगाड्या मी पाहिल्या, त्यांचीही चाके अरुंदच होती. मोसमभर रोज नदी ओलांडणारी माणसे आहेत ती, मी त्यांच्याकडे आधीच नीट बघायला हवे होते.

दोनदा मात्र अडकलो, तेही सांगतो. जुलैत ओहोळाच्या काठची माती वाहून गेली होती आणि एक चाक हवेत राहिले. जिप्सीला डिफ लॉक नाही, त्यामुळे हवेतले चाक गरगरत राहिले आणि गाडी जागची हलली नाही. शेजारच्या कुळागरातल्या गड्यांनी दोर लावून ओढून काढली. अशा जागी रोज जायचे असेल तर लॉकर (दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारे कुलूप) लावणे योग्यच ठरेल. 2014 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या जिप्सींवर लॉकर, विंच, स्नॉर्कल असतात आणि तिथे त्यांच्याशिवाय चालतच नाही. त्या गाड्या त्या कामासाठी बांधलेल्या असतात आणि त्यांच्या चालकांविषयी मला आदर आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्यांच्या गाडीचे रूप बघून आपल्या घरच्या गाडीचे ठरवू नये.

पाण्यासाठी मी एकच बदल केला आणि तो प्रत्येकाने करावा असे आग्रहाने सांगतो. दोन्ही डिफच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर होण्याच्या छिद्राला) लांब नळी जोडून ती वर, बॉनेटखाली नेली. डिफ चालून गरम झालेला असतो. तो थंड ओहोळात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला किंवा पाण्याखाली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधट होते आणि काही महिन्यांत बेअरिंग जाते. माझ्या मागच्या डिफमधून मे महिन्यात असेच दुधट तेल निघाले होते. नळीचा खर्च पाचशे रुपयेही नाही, बाहेरून दिसत नाही, आणि उद्या काढायची म्हटली तर दहा मिनिटांत निघते.

आधीच्या मालकांचा स्नॉर्कल मात्र नुसता दिसायला होता. खालचे जोड बंदच केलेले नव्हते, एअर फिल्टरच्या डब्यात बॉनेटखालूनच पाणी गेले असते. त्याच्यासाठी कापलेल्या मडगार्डाच्या कडेला रंगही लावलेला नव्हता. बार्देशातली खारी हवा आणि सत्तरीतला पाऊस यांत ती कड पापडासारखी झाली. जिप्सीचा पत्रा तसाही पातळ. फरशी, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि काचेच्या चौकटीचा तळ एवढे जुनी गाडी घेताना बोटाने दाबून बघा. आतल्या पोकळ्यांत मी मेण मारून घेतले. खालून जाड डांबरी थर देऊ नका. त्याच्या मागे ओल अडकते आणि पत्रा गुपचूप सडतो. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालण्याचा मोह टाळा, गोव्यात तो गुन्हाही आहे आणि मीठही.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या लोखंडी बंपरांविरुद्ध केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना लिहिले होते. माझ्या गाडीची नोंदणी 2028 पर्यंत आहे, तेव्हा ती पुन्हा तपासणीला उभी करावी लागेल. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचे शुल्कही आता दहा हजार झाले आहे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून सगळे सुटे करत बसण्यापेक्षा ती आजच तशी असलेली बरी.

काही ठिकाणी मूळपणाचा हट्ट मी सोडलाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि 2003 च्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. एक नळी सप्टेंबरमध्ये वेढ्याजवळ ओली दिसली, तेव्हा टाकीपासून इंजिनापर्यंत सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या. आधी कुणीतरी बसवलेले हाताने फिरवायचे हब ठेवले, दर दोन महिन्यांनी उघडून ग्रीस भरतो. मागच्या आडव्या बाकांवर जाड फोम घातला. हे सगळे जसे लावले तसे काढता येते, आणि बदल करताना मी ही एकच कसोटी लावतो: पत्रा कापायचा नाही, चासीला वेल्डिंग करायचे नाही.

उणिवा आहेतच. मूळ पाट्यांवरही रिकामी जिप्सी उडते. मागे पन्नास-साठ किलो असले की बरी चालते. ब्रेक आजच्या गाड्यांच्या मानाने मऊ आहेत, घाटात अंतर राखूनच चालवतो. पावसात कॅनव्हासच्या शिवणीतून डाव्या बाजूला पाणी येते आणि आजवर तीनदा शिवून घेतले तरी येते. बाबा मात्र पुन्हा पुढच्या सीटवर आहेत. चवथीच्या आधी माटोळीचे (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या आराशीचे) सामान आणायला आम्ही दोघे रानात गेलो, ते स्वतः दार धरून चढले आणि उतरले.

काढलेले शॅकल आणि बंपर सुपारीच्या गोदामात पडून आहेत, कुणाला स्पर्धेच्या गाडीसाठी हवे असतील तर देईन. स्नॉर्कलच्या भोकावर मारलेल्या पत्र्याच्या ठिगळाभोवती मात्र गेल्या आठवड्यात गाडी धुताना पुन्हा रंग फुगलेला दिसला. एवढे केले, पण कापलेले तेवढे भरून येईना. बेळगावातल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात सैन्यातून निघालेल्या जिप्सीचे अखंड मडगार्ड आहे असे कळले आहे. हिरवे आहे, रंगवून घ्यावे लागेल. शनिवारी चोर्ल्याने जाऊन घेऊन येतो, म्हणजे काजूचा मोसम सुरू व्हायच्या आत बसवून होईल.