डीएचसीपी स्नूपिंगवाला स्विच: एका हळद हंगामानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची अडत पेढी आहे. तिथे दिवाळीनंतर आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (कॉम्प्युटरच्या वायरी एकत्र जोडणारा, सेटिंग बदलता येणारा डबा) बसवला. हळदीचा हंगाम त्यावर काढला, आता बोलायला हरकत नाही.

घेतला कशासाठी, तर ऐन सौद्याच्या वेळी बिलिंगच्या कॉम्प्युटरला प्रिंटर सापडायचा नाही. सगळे ब्रॉडबँडवाल्याच्या नावाने खडे फोडायचे. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही कमांड टाकून ‘डीएचसीपी सर्व्हर’ (कॉम्प्युटर-मोबाइलना नेटवर्कचा पत्ता, म्हणजे आयपी, वाटणारा) ही ओळ पाहिली, तर तिथे आमच्या राउटरचा १९२.१६८.१.१ नव्हताच, १९२.१६८.०.१ होता. गोदामात रेंज यावी म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर लॅनला, म्हणजे पेढीच्या नेटवर्कच्या वायरीला, जोडलेला, आणि तोही पत्ते वाटत सुटलेला! कॉम्प्युटर बहुधा आधी उत्तर देणाऱ्याचाच पत्ता उचलतो.

स्विचवर स्नूपिंग (पत्ता कोण वाटतंय यावर स्विचने ठेवलेली पाळत) चालू केलं आणि फक्त मुख्य राउटरचं पोर्ट ‘ट्रस्टेड’ केलं. इतर पोर्टांवरून आलेली पत्त्याची ऑफर आता स्विचच अडवतो. कॉम्प्युटरची तक्रार तेव्हापासून बंद. मात्र ट्रस्टेड पोर्ट आधी ठरवा, मगच स्नूपिंग चालू करा. नाहीतर खऱ्या राउटरचंही उत्तर अडतं आणि पत्ता न मिळाल्याने विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा, इंटरनेटला न चालणारा पत्ता लावून बसतं.

गोदामातल्या वायफायवरचे मोबाइल मात्र चुकीचाच पत्ता घेत राहिले. साहजिकच आहे, ती देवाणघेवाण स्विचपर्यंत येतच नाही. त्या राउटरचं डीएचसीपी बंद करावंच लागलं.

हंगाम चढला तसा १६९.२५४ पुन्हा दिसू लागला. यात स्विचचा दोष नाही. मुख्य राउटरच्या पूलमध्ये (वाटायच्या साठ्यात) १०० पत्ते, लीज (एक पत्ता एकाकडे राहण्याची मुदत) २४ तासांची. सौद्याला आलेला खरेदीदार पाच मिनिटं वायफाय वापरून जातो, पण त्याचा पत्ता दिवसभर अडकून पडतो. लीज दोन तासांवर आणली, प्रिंटरचा पत्ता रिझर्व्ह केला (त्याच्यासाठीच राखून ठेवला), प्रश्न मिटला.

खटकलं ते एवढंच: सेटिंग बदलून ‘सेव्ह’ वेगळं दाबावं लागतं. न दाबता लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि बॉक्सवर ‘स्मार्ट’ छापलेल्या प्रत्येक स्विचमध्ये स्नूपिंग असतंच असं नाही, डेटाशीट वाचूनच पैसे द्या.

चार-पाच कॉम्प्युटरचं ऑफिस असेल आणि वायरी कुणी हलवत नसेल, तर हा खर्च करू नका. जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद केलं तरी भागतं. आमच्याकडे हमाल, दिवाणजी, पाहुणे सगळेच वायरींना हात लावतात, म्हणून आम्हाला तो परवडला.