आठ महिने अमेरिकन म्युझिक मॅगझिन्स वाचल्यावर

मागच्या हिवाळ्यात स्ट्रीमिंगला वैतागून मी कागदी मॅगझिन्स लावली. वैताग असा की एकदा जॅझ ऐकलं की पुढचा महिनाभर ॲप तेच कॉफी शॉपछाप पियानो गळ्यात मारतं. तर डाउनबीट, डेसिबेल आणि लिव्हिंग ब्लूज या तिघांची वर्गणी भरली, आणि रोलिंग स्टोन लायब्ररीच्या ॲपवर फुकट. आता आठ महिने झाले, लिहायला हरकत नाही.

रोलिंग स्टोनचं आधी उरकतो. १९६७ ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालं, पहिल्याच अंकावर जॉन लेनन, नाव मोठंच आहे. पण २०१८ पासून मासिक झालंय आणि त्यातली बरीच पानं राजकारण, सिरीज, सेलिब्रिटी यांनाच जातात. लेख वाईट नसतात हो, राजकारणावरचे तर चांगलेच असतात, पण मी गाण्यांसाठी आलो होतो. फुकट आहे म्हणून चाळतो.

खरा पैसा वसूल झाला तो डाउनबीटमध्ये. १९३४ पासून चालू आहे, शिकागोचं जॅझचं मासिक. आम्ही शिकागोच्या बाहेरच राहतो म्हणून थोडं घरचं कार्य असल्यासारखं वाटतं. यात ब्लाइंडफोल्ड टेस्ट म्हणून एक सदर असतं, म्हणजे एखाद्या वादकाला रेकॉर्ड ऐकवायची, कोण वाजवतंय ते सांगायचं नाही, त्याने ओळखायचं आणि वर मतही द्यायचं. आमचे आजोबा रेडिओवर आलाप सुरू झाला की निवेदकाच्या आधी "किराणा!" म्हणून मोकळे व्हायचे आणि चुकले की रेडिओची खरखर पुढे करायचे, तसाच प्रकार. फरक इतकाच की इथे मोठमोठे लोक चुकतात आणि ते जसंच्या तसं छापलं जातं. दुसरं म्हणजे हॉट बॉक्स, चारही समीक्षक एकेका अल्बमला पाचपैकी स्टार देतात. एकाचे साडेचार, शेजारच्याचे अडीच! सुरुवातीला गोंधळ उडायचा, आता कुठल्या समीक्षकाशी आपलं जमतं ते कळलंय, त्याने आवडलं नाही म्हटलं की मी डोळे झाकून त्याचं ऐकतो.

शेवटच्या पानांवर गाजलेल्या सोलोचं नोटेशन असतं. मी पेटीवाला, हौसेने एक टेनर सॅक्सोफोनचा सोलो पेटीवर बसवायला घेतला आणि दोन रात्री डोकं आपटलं, रेकॉर्डबरोबर जुळेचना, बायको म्हणाली पेटी उतरली असेल. पेटी कसली उतरतेय, टेनरसाठी लिहिलेला सा वाजताना खालचा कोमल नी येतो, आणि ते नोटेशन टेनरसाठी आहे असं वर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ते मी वाचलंच नव्हतं. सगळे स्वर एक पायरी खाली घेतले आणि बसलं की.

डेसिबेल हे फिलाडेल्फियाचं, २००४ पासूनचं, फक्त एक्स्ट्रीम मेटल, म्हणजे रॉकमधला सगळ्यात कर्कश प्रकार. मी मेटलवाला नाही, ऑफिसातल्या एका पोराच्या नादाने घेतलं. यातलं हॉल ऑफ फेम सदर कुठल्याही मासिकाने उचलावं असं आहे: एक जुना अल्बम घ्यायचा आणि त्यावर वाजवलेल्या, हयात असलेल्या प्रत्येकाची मुलाखत घ्यायची. एकानेही नाही म्हटलं तर तो अल्बम बाद. त्यामुळे बँड फुटल्यावर पंधरा पंधरा वर्षं न बोललेले लोक शेजारशेजारच्या परिच्छेदांत एकमेकांना खोडत असतात, भाऊबंदकीचा खटला वाचल्यासारखं वाटतं.

वर्गणीदारांना अंकासोबत फ्लेक्सी येते, म्हणजे पातळ प्लास्टिकची वाजणारी रेकॉर्ड. टर्नटेबलवर ती घसरते, मग मधे लेबलपाशी नाणं ठेवायचं, एका क्वार्टरने, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्याने, भागत नाही, दोन लागतात. जानेवारीत पोस्टमनने एक अंक घडी घालून टपालपेटीत कोंबला होता, ती फ्लेक्सी दर फेरीला ठक् करते. तक्रार केली, मेलला उत्तर आलं नाही. कोणाची चूक देव जाणे.

लिव्हिंग ब्लूजबद्दल लिहायला जरा जड जातं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं, त्यालाच वाहिलेलं हे. १९७० ला शिकागोत निघालं, १९८३ पासून मिसिसिपी युनिव्हर्सिटीकडे आहे, वर्षाला सहा अंक. छपाई साधी. मुलाखती मात्र पानंच्या पानं आणि माणूस बोलतो तशाच, कापूस वेचणं, चर्च, पहिली गिटार कोणाकडून आणली, रात्रभर वाजवून मालकाने किती पैसे दिले. आणि मृत्युलेख. कधी ऐकलं नव्हतं अशा माणसाचा मृत्युलेख वाचायचा आणि मग त्याची गाणी शोधायची, अशीच माझी निम्मी प्लेलिस्ट झालीय. उलटा क्रम आहे, पण काय करणार.

हिपहॉपसाठी नवीन काही लावलं नाही. व्हाइब आणि स्पिन या मॅगझिन्सचे जुने अंक गूगल बुक्सवर अख्खेच्या अख्खे फुकट वाचता येतात, जाहिरातींसकट, एका सेंटात आठ सीडी वगैरे. व्हाइब संगीत निर्माता क्विन्सी जोन्सने १९९३ ला काढलेलं, त्यातले फोटो आजही बघत राहावेत असे. फोनवर वाचू नका, डोळे जातात.

वर्गणी संपत आलीय. डाउनबीट आणि लिव्हिंग ब्लूज दोन वर्षांसाठी भरली. डेसिबेल बंद करणार होतो, पण परवा नवा अंक आला, फ्लेक्सी सरळसोट, आणि बायकोने न सांगता पर्समधून दोन क्वार्टर काढून दिले.