दहावीनंतर अकरावी सायन्स की आयटीआय?

रिझल्ट लागला की घरोघरी एकच वाद, सायन्स घ्यायचं की आयटीआय, आणि ७० टक्के पडले तरी सायन्सच, कारण लोक काय म्हणतील! माझं मत सरळ आहे, ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याला आयटीआयला जाऊ द्या.

सायन्समधे दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, सोबत क्लासची फी, मग एमएचटी-सीईटी किंवा नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा. डॉक्टरच व्हायचंय तर हाच रस्ता, त्यात वाद नाही. पण सीईटीत स्कोअर नाही आला तर नुसत्या बारावीवर हातात कौशल्य काहीच नसतं.

आयटीआयमधे वेल्डर १ वर्षाचा, फिटर नि इलेक्ट्रिशियन २ वर्षांचे, आणि बराचसा वेळ वर्कशॉपमधेच जातो. फिटरच्या पोराला सुरुवातीलाच लोखंडाचा ठोकळा नि कानस देतात, घासत बसायचं, मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडात धरायचं, फटीतून उजेड दिसला की परत घासा, पुढे व्हर्नियरवर (बारीक माप घ्यायचं साधन) ०.०२ मिमीपर्यंत माप घ्यायला शिकतो, हे पुस्तक वाचून येत नाही हो. नंतर कंपनीत अप्रेंटिसशिप, तिथे स्टायपेंडही मिळतो.

आणि शिक्षण तिथेच संपतं हा तर मोठा गैरसमज! २ वर्षांचा ट्रेड, म्हणजे फिटरसारखा कोर्स, केला की पॉलिटेक्निकच्या डायरेक्ट सेकंड इयरला अर्ज करता येतो, डिप्लोमा झाला की तसंच इंजिनिअरिंगला. मात्र अॅडमिशन घ्यायच्या आधी वर्कशॉप बघून या, मशीन चालू आहेत का ते विचारा, सगळीकडे सारखी परिस्थिती नसते.