धुळ्याजवळच्या तीन टेकड्यांची लायडार मोजणी : सेवेचा अनुभव

धुळ्याहून दोंडाईच्याकडे जाताना कापसाच्या शेतांतून मध्येच एखादी काळी दगडी धार उठते आणि सरळ रेषेत नजरेपलीकडे जाते. या धारा म्हणजे डाइक. दख्खनच्या लाव्ह्याला पडलेल्या भेगांमध्ये शिरून थिजलेला हा खडक आजूबाजूच्या थरांपेक्षा टणक निघाला, बाजूचे झिजत गेले आणि ही भिंत तेवढी उभी राहिली. लळिंग किल्ल्याची उंची सगळे विचारतात. या धारांची आणि त्यांच्या शेजारच्या टेकड्यांची कोणी विचारत नाही. १:५०,००० च्या टोपोशीटवर (सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर) डोंगराळ भागात कंटूरमधील, म्हणजे समान उंचीच्या रेषांमधील, अंतर बहुधा २० मीटर असते, त्यामुळे पंधरा-अठरा मीटर उठावाची टेकडी दोन कंटूरच्या मधल्या जागेत पूर्ण हरवू शकते. म्हणून आमच्या भटक्यांच्या गटाने ४२ हजार रुपये वर्गणी काढून एक धार आणि दोन टेकड्या ड्रोनवरील लायडारने, म्हणजे लेसरचे किरण सोडून उंची मोजणाऱ्या यंत्राने, मोजून घेतल्या. संस्थेचे नाव देण्याऐवजी काम कसे झाले ते सविस्तर सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून मोजणी करून घेणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल.

पैसे खर्च करण्याआधी आम्ही फुकट मिळणारी माहिती तपासली होती. एसआरटीएम या जागतिक उंची-नकाशातली उंची २००० साली अवकाशयानातून रडारने घेतलेली असून तिची जाळी सुमारे ३० मीटरची आहे. ज्या धारेचा माथा जेमतेम पाच मीटर रुंद आहे, तिथे एका चौकटीत माथा आणि दोन्ही उतार एकत्र मिसळतात आणि धार बुटकी दिसते. २०१८ मध्ये सोडलेल्या आइससॅट-२ उपग्रहाचा लेसर पुष्कळ अचूक आहे, पण त्याच्या किरणांच्या जोड्यांमध्ये सुमारे ३.३ किलोमीटरचे अंतर असते. आमच्या तिन्ही माथ्यांवरून त्याचा एकही किरण गेलेला नव्हता. इंग्लंडमध्ये एक मीटर जाळीचा लायडार सर्वांसाठी खुला आहे आणि तेथील हौशी मंडळी घरबसल्या टेकड्यांच्या उंचीची फेरतपासणी करतात. ती सोय आपल्याकडे अजून नाही.

प्रत्यक्ष मोजणीचे काम फार चांगले झाले. दोघे सर्व्हेअर मार्गशीर्षातल्या एका पहाटे आले, वारा उठायच्या आत त्यांनी जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारल्या, डीजीपीएसचा (उपग्रहांवरून जागा आणि उंची काही सेंटिमीटरपर्यंत अचूक देणाऱ्या यंत्राचा) बेस लावला आणि दुपारपर्यंत तिन्ही ठिकाणची उड्डाणे संपवली. आम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी न कंटाळता उत्तर दिले. बोरी-बाभळींच्या झुडपांमधून जमिनीपर्यंत पोचलेले बिंदू त्यांनी संगणकावर आम्हाला वेगळ्या रंगात दाखवले, तेव्हा ओळखीच्या टेकडीचे अंगप्रत्यंग पहिल्यांदाच पाहिल्यासारखे वाटले.

खरी अडचण अहवालात निघाली. त्यात दिलेली माथ्याची उंची टोपोशीटवरील पायथ्याच्या उंचीपेक्षाही कमी होती. कारण असे की उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली जाते, आणि त्या खोलगटपणाचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. खानदेशात हा फरक जवळपास ६० मीटरचा आहे. ही दुरुस्ती करायची राहून गेली होती. माथा आणि पायथा या दोहोंमधले अंतर मात्र बरोबर होते, कारण चूक दोन्हीकडे सारखीच होती. त्यामुळे ज्याला फक्त टेकडीचा उठाव हवा आहे, त्याचे यात काही बिघडत नाही. आम्हाला समुद्रसपाटीपासूनची उंची हवी होती. आक्षेप कळवल्यावर संस्थेने आठवड्याभरात, जादा पैसे न घेता, जवळच्या पुलावर कोरलेल्या बेंचमार्कशी (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरवून दिलेल्या खुणेशी) मोजणी जोडून सुधारित अहवाल दिला, हे आवर्जून नोंदवतो.

दुसरी उणीव जास्त सूक्ष्म आहे आणि ती सहज लक्षात येत नाही. एका टेकडीच्या माथ्यावर म्हसोबाचा दगडी चौथरा आहे. तो रुंद आणि सपाट असल्यामुळे संगणकाने त्याला जमीन मानले आणि टेकडी १.१ मीटरने उंच झाली. देवाचा मान आहेच, पण टेकडीची उंची म्हणजे तिच्या नैसर्गिक खडकाची उंची, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या टेकडीवर वाळलेले कुसळी गवत दाट उभे होते. मित्राच्या डीजीपीएसने आम्ही स्वतंत्रपणे पडताळा घेतला, तेव्हा धारेच्या उघड्या खडकावर फरक अवघा ४ सेंटिमीटर निघाला, तर गवताळ टेकडीच्या माथ्यावर लायडारची उंची ३१ सेंटिमीटर जास्त आली, कारण किरण गवताच्या बुंध्यापर्यंत पोचलेच नव्हते. गवत चरून किंवा कापून गेल्यावर, फाल्गुन-चैत्रात, ही मोजणी करावी, एवढे संस्थेने आधी सांगायला हवे होते.

दुरुस्त्यांनंतर धार फुकटच्या ३० मीटर जाळीतल्या आकड्यापेक्षा ७ मीटर उंच ठरली. म्हसोबाची टेकडी टोपोशीटवरील आकड्यापेक्षा सुमारे २ मीटरने कमी भरली. जुना आकडा ढोबळ होता की माथा खरोखर झिजला, हे एका मोजणीवरून ठरवता येणार नाही. तिची पूर्वेची बाजू मुरमासाठी कापली गेली आहे, आणि म्हणूनच आमच्या दृष्टीने या सेवेत सर्वांत मोलाचा भाग उंचीचा आकडा नसून संपूर्ण पॉइंट क्लाउडची, म्हणजे लेसरने मोजलेल्या सगळ्या बिंदूंची, फाइल आहे. पुढे आणखी मुरूम उचलला गेला, तर किती घनमीटर गेला हे दोन मोजण्यांची वजाबाकी करून दाखवता येईल. ही फाइल मात्र मागितल्यावरच मिळाली.

एकूण काम पाहता मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण अहवालाचा आहे, मोजणीचा नाही. उरलेल्या दोन धारा होळीनंतर याच सर्व्हेअरांकडून मोजून घ्यायच्या ठरल्या आहेत. या वेळी उंची कोणत्या बेंचमार्कपासून धरायची, चौथरे आणि झेंड्याचे खांब वगळायचे आणि पॉइंट क्लाउड अहवालासोबतच द्यायचा, हे कामाच्या कागदावर आधीच लिहून घेतले आहे.