'प्लेअर्स हँडबुक', 2024: पात्र घडवण्याच्या दृष्टीने

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, टेबलाभोवती बसून एकेक पात्र वठवत कथा रचण्याच्या खेळाच्या 'प्लेअर्स हँडबुक' या नियमपुस्तकाची सुधारित आवृत्ती सप्टेंबर 2024मध्ये आली. कोल्हापूरच्या राजारामपुरीत रविवारी जमणाऱ्या आमच्या गटात सध्या हेच पुस्तक वापरले जाते. नियमांची मांडणी, चित्रे आणि छपाई यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी एकच प्रश्न घेतो: चार-पाच जणांनी मिळून रचायच्या कथेत आपले पात्र पुढे कसे बदलत जाईल, हे ठरवायला हे पुस्तक कितपत उपयोगी पडते?

पात्राच्या ताकदीची आखणी करायला याहून सोयीचे पुस्तक माझ्या वाचनात नाही. बारा वर्गांपैकी (वर्ग म्हणजे योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) प्रत्येकात चार उपवर्ग आहेत आणि उपवर्गाची निवड आता सर्वांनाच तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या तिसऱ्या पायरीवर, करावी लागते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण पहिल्या दोन लेव्हल्समध्ये खेळाडू आपले पात्र बोलताना, घाबरताना, चुकताना पाहतो आणि मगच त्याची वाट ठरवतो. आमच्या मोहिमेचे, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या कथेचे, जग उसाच्या मुलखावर बेतलेले आहे. त्यात एकाने तालीम सोडून आलेला शेतकऱ्याचा मुलगा पॅलाडिन (शपथेने बांधलेला पवित्र योद्धा) म्हणून घेतला होता आणि विसाव्या लेव्हलपर्यंतचा त्याचा आराखडाही वहीत लिहून आणला होता. पॅलाडिनचा उपवर्ग म्हणजे त्याची शपथ; वहीत ती होती भक्तीची. पण ज्या आगीत त्याच्या गावाचे कोठार जळाले, त्या रात्री पहाऱ्यावर आपणच होतो आणि झोपलो होतो, असे दुसऱ्या खेळाडूच्या पहारेकऱ्याने खेळाच्या ओघात कबूल केले. सगळे गप्प झाले. तिसऱ्या लेव्हलला त्या मुलाने सूडाची शपथ घेतली, आणि पुढची सगळी मोहीम त्या दोघांच्या नात्याभोवती फिरू लागली. हीच निवड पहिल्या लेव्हलला करावी लागली असती, तर हे घडलेच नसते.

माझी नाराजी बॅकग्राउंडच्या, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याच्या, प्रकरणाबद्दल आहे. 2014च्या आवृत्तीत प्रत्येक बॅकग्राउंडबरोबर स्वभाव, आदर्श, बंध आणि दोष यांचे तक्ते होते. नव्या आवृत्तीतल्या सोळा बॅकग्राउंड्समधून ते काढले आहेत आणि त्यांच्या जागी क्षमतांचे वाढीव गुण व एक प्रारंभिक फीट (पात्राची खास क्षमता) दिले आहे. 'फार्मर' निवडल्यास 'टफ' हे फीट मिळते, म्हणजे प्रत्येक लेव्हलमागे दोन हिट पॉइंट्स (मार सोसण्याच्या ताकदीचे गुण) जास्त. लढाईत याचा उपयोग होतोच, पण त्या शेतकऱ्याला कोणाची ओढ आहे आणि तो कशापुढे हरतो, हे त्यातून कळत नाही. स्वभावासाठी सुटी विशेषणे सुचवणारे तक्ते आहेत. तेवढ्यावर भागत नाही. बंध आणि दोष लिहिलेले असले की बाकीच्या खेळाडूंना तुमच्या पात्राला हात घालायला जागा मिळते, आणि एकत्र खेळण्यातला खरा आनंद तिथेच आहे.

यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे. सेशन झिरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या तयारीच्या बैठकीत, प्रत्येकाने एक दोष आणि टेबलावरच्या दुसऱ्या कोणत्या तरी पात्राशी एक बंध लिहायचा, आणि आपल्या पात्राच्या बाबतीत काय घडलेले चालेल व काय चालणार नाही, हे डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, स्पष्ट सांगायचे. शेवट मात्र कोणी लिहायचा नाही. लेव्हल वाढली की कॅरेक्टर शीटवरच्या (पात्राच्या नोंदींच्या कागदावरच्या) आकड्यांबरोबर या ओळीही पुन्हा वाचायच्या आणि खोट्या ठरल्या असतील तर खोडायच्या. पॅलाडिनच्या शीटवरचा 'वस्तादांना दिलेला शब्द' असाच खोडला गेला.

नव्या गटाने लगेच खर्च करू नये. एप्रिल 2025मध्ये खुल्या परवान्याखाली आलेला 'एसआरडी 5.2' हा नियमसंग्रह मोफत मिळतो आणि सुरुवातीच्या मोहिमेला तो पुरतो. मात्र त्यात प्रत्येक वर्गाचा एकच उपवर्ग आणि चारच बॅकग्राउंड्स आहेत. पॅलाडिनसाठी फक्त भक्तीची शपथ आहे, सूडाची नाही. आपल्या पात्राची वाट त्या एका पर्यायात बसत नाही असे दिसू लागले, की टेबलाने वर्गणी काढून एक प्रत जरूर घ्यावी.