आकडे लगेच घालायचे की शेवटपर्यंत अक्षरंच ठेवायची?

फिजिक्समधले ऑसिलेशन (स्प्रिंगसारखी मागेपुढे होणारी हालचाल) आणि गॅसेसचे प्रॉब्लेम्स सोडवायच्या दोन सवयी असतात. एक म्हणजे फॉर्म्युला लिहिला की लगेच किमती घालून कॅल्क्युलेटर घ्यायचा, आणि दुसरी म्हणजे एम (वस्तुमान), के (स्प्रिंगचा कडकपणा), टी (तापमान) असंच शेवटच्या ओळीपर्यंत चालवून आकडे एकदाच घालायचे. मी दोन्ही पद्धतींनी भरपूर प्रॉब्लेम्स सोडवलेत, आणि ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आकड्यांच्या बाजूने, कारण त्यांना उगाच नावं ठेवली जातात असं मला वाटतं. सुरुवातीला हातात काहीतरी ठोस येतं, भीती जाते. आणि उत्तर किती मोठं असायला हवं याचा अंदाज बसतो, जो फार कामाचा आहे. ऑक्सिजनच्या रेणूंचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) 300 केल्व्हिनला साधारण 484 मीटर प्रति सेकंद येतो, पण मोलर मास (एका मोलचं वस्तुमान) 0.032 किलोच्या जागी 32 घातलं तर तोच 15 येतो. हवेत आवाजच 340 च्या आसपास वेगाने जातो, मग रेणू 15 ने कसे जातील, हा प्रश्न आकडे बघायची सवय असेल तरच पडतो.

आता मला ज्याचा वैताग आला ते सांगतो. साधा प्रॉब्लेम घ्या, स्प्रिंगला 0.2 किलोचा ठोकळा, के 80 न्यूटन प्रति मीटर, अॅम्प्लिट्यूड (मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर) 5 सेंटिमीटर, आणि मध्यापासून 3 सेंटिमीटरवर वेग किती. एनर्जीने करायला गेलं की एकूण एनर्जी 0.1 ज्यूल, त्या जागी स्प्रिंगमधली 0.036, आणि कायनेटिकसाठी एमचा निम्मा म्हणजे पुन्हा 0.1 गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे एकाच ओळीत डावीकडे 0.1 आणि उजवीकडे पण 0.1, एक किलोमधला, दुसरा ज्यूलमधला, आणि कागदावर दोघं अगदी सारखे दिसतात! उत्तर 0.8 मीटर प्रति सेकंद जुळलं तर ठीकच. पण नाही जुळलं तर मागे जाऊन चूक शोधायची कशी? कुठला 0.1 कशातून आला, वर्ग केला होता की राहिला, सेंटिमीटरचं मीटर कुठे केलं, काहीच दिसत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. माझ्यासाठी तरी निर्णय इथेच झाला.

तेच अक्षरांत केलं तर वेग म्हणजे ओमेगा गुणिले, ए वर्ग वजा एक्स वर्ग याचं वर्गमूळ. इथे ओमेगा म्हणजे के भागिले एमचं वर्गमूळ, ए म्हणजे अॅम्प्लिट्यूड, एक्स म्हणजे मध्यापासूनचं अंतर. एक्सच्या जागी ए घातला की वेग शून्य, टोकाला थांबतोच, बरोबर. एक्स शून्य केला की वेग सगळ्यात जास्त, तेही बरोबर. उत्तर न बघता खात्री होते, आणि ओमेगा 20 धरून 5-3-4 च्या त्रिकोणाने तोंडीच 0.8 येतं.

शिवाय काही प्रॉब्लेम्समध्ये हवा असलेला आकडा दिलेलाच नसतो. स्प्रिंगला वजन टांगल्यावर ती 4.9 सेंटिमीटर ताणली जाऊन स्थिर झाली, तर पिरियड (एका पूर्ण झोक्याचा वेळ) काढा. एम नाही, के नाही. आकडेवाला इथे अडतो, पण के गुणिले ताण बरोबर एमजी (जी म्हणजे गुरुत्व त्वरण) एवढं लिहिलं की एम भागिले के म्हणजे ताण भागिले जी, त्याच्या वर्गमूळाला 2 पायने गुणलं की पिरियड 0.44 सेकंद.

गॅसेसमध्ये पण तसंच. बंद डब्यातली हवा 27 वरून 54 डिग्री सेल्सिअसला नेली तर पीव्ही बरोबर एनआरटी (प्रेशर गुणिले व्हॉल्यूम बरोबर मोल्स गुणिले गॅस कॉन्स्टंट आर गुणिले तापमान) मध्ये आकडे भरण्यापेक्षा नुसतं केल्व्हिनमधल्या तापमानांचं गुणोत्तर लिहा, 327 भागिले 300, प्रेशर फक्त 9 टक्के वाढलं, दुप्पट नाही. एन गेला, व्ही गेला, आणि आरची किंमत 8.314 घ्यायची की 0.0821 ही कटकटच गेली. त्याच तापमानाला हायड्रोजनचा आरएमएस वेग ऑक्सिजनच्या 4 पट, हेही मोलर मासांच्या 32 भागिले 2 च्या वर्गमूळातून सरळ दिसतं.

एका ठिकाणी मात्र मी स्वतः आकडेच घेतो. पीव्ही ग्राफवरचं तीन-चार स्टेप्सचं सायकल (गॅस फिरून पहिल्या स्थितीत येतो ते) असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर प्रेशर, व्हॉल्यूम, तापमान लिहून टाकतो, कारण तिथे अक्षरांची गर्दी होते आणि कोपऱ्यावरचे आकडे काही हरवत नाहीत. तुमच्याकडे असेच प्रॉब्लेम्स जास्त असतील तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल. बाकी सगळीकडे, विशेषतः ऑसिलेशनमध्ये, मी अक्षरंच सुचवेन. पहिले काही प्रॉब्लेम्स हळू जातील, तेवढा वेळ द्या. आणि कुठलीही पद्धत घ्या, साइन ओमेगा टी (इथे टी म्हणजे वेळ) काढायच्या आधी कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना ते बघा, साइन 2 रेडियनमध्ये 0.909 असतो आणि डिग्रीत 0.035.